तुंगनाथला कापसाची बंडी

आमच्या शेलूबाजारात थंडीचे कपडे म्हणजे एक स्वेटर, एक मफलर आणि ओट्यासमोरची शेकोटी. एवढ्यावर माझी हयात गेली. डोंगर चढायला वेगळे कपडे लागतात हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. नसतं कळलं तरी काही बिघडलं नसतं.

आमची मुलगी रेखा वाशिमला शिक्षिका आहे. सुट्टी लागली की पाठीवर पोत्याएवढी पिशवी बांधून कुठल्यातरी डोंगरावर जाते. पगार आहे, हौस आहे. तुंगनाथ म्हणजे हिमालयात उंचावर असलेलं महादेवाचं देऊळ. या वर्षी तिनं आईला विचारलं, “तुंगनाथले येतं काय?” आणि आमच्या शांतानं हातातली परात खाली न ठेवताच सांगितलं, “येतो ना.”

शांता धनजची. तिचं माहेर सपाट, सासर सपाट. ती म्हणाली, “जन्मभर वाकून कापूस वेचला. एकडाव अशा जागी उभं राह्याचं हाये, जिथून वर काहीच नसन.” रेखानं सांगितलं की देवळाच्याही वर चंद्रशिला नावाचं टोक आहे. शांतानं ते टोकच धरलं. देव राहिला बाजूला.

मी नाही म्हणालो. मागे एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता, अकोल्याला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून ती शिंकली तरी मी उठून बसतो. पण माझं कोणी ऐकलं नाही. मग मीही येतो म्हणालो. वाटेतून तिला परत आणायला कोणीतरी सोबत पाहिजे ना.

कपड्यांसाठी आधी कारंजाला गेलो. ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळच्या एसटीनं जावं, जीपमध्ये गुडघे मोडतात. बसस्टँडवर आलुबोंडा बरा मिळतो. बाजारात खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. पुढे बॅटी आणि कॅरम, मागच्या कोपऱ्यात हे डोंगराचे कपडे. त्या कोपऱ्यात मी जे पाहिलं ते सांगतो. एका पँटला गुडघ्यावर चेन होती, ती ओढली की पँटचे पाय सुटून हातात येतात. एका जॅकेटला इतके खिसे की ठेवलेली वस्तू शोधायला माणूस लावावा लागेल. मोज्याची किंमत सदऱ्याएवढी. आणि रंग? पोपटी, भगभगीत नारंगी, लाल. फवारणीच्या औषधाचे डबे असतात तसले.

दुकानदार जॅकेट हातावर घेऊन म्हणाला, “काका, हे कापड श्वास घेते.”

“त्याले कायले श्वास पाहिजे? माह्या बायकोले पाहिजे.”

“तसं नाही हो. आतली वाफ बाहेर जाते, पण बाहेरचं पाणी आत येत नाही.”

“म्हणजे त्याच्यात अक्कलबी हाये म्हणा.”

त्यानं पाणी प्यायला दिलं होतं. तोच ग्लास मी जॅकेटवर ओतला. पाणी थेंब थेंब होऊन घसरलं आणि माझ्या चपलेवर पडलं. दुकानदार हसला, शांता हसली, रेखानं कपाळाला हात लावला. शांतानं मग लाल जॅकेट घेतलं. मी म्हणालो, “या वयात हा रंग? लोक काय म्हणतीन?” ती म्हणाली, “तिथं कोन आपल्या गावचं हाये?” त्या किमतीत आमच्याकडे फवारणीचा चांगला पंप येतो, आणि तो श्वास न घेता काम करतो.

रेखाचं म्हणणं असं की डोंगरावर तीन थर लागतात. आतला अंगाला चिकटणारा थर्मल, मधला ऊब देणारा, वरचा वारा-पाणी अडवणारा. कांद्यासारखं. आणि चौथी गोष्ट तिनं माझ्याकडे बोट दाखवून सांगितली, “बाबा, सुती काहीच नाही घालायचं. घामानं ओलं झालं की सुकत नाही, आन् मंग थंडी आत शिरते.”

ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवला, त्या घरात ही पोरगी कापसाला नावं ठेवते! आमच्या भागात पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात त्याला. त्या दिवशीचा कापूस मी विकत नाही. गेल्या वर्षीचा तो कापूस घरातच होता. मी रेखासमोर थर्मल आणि जॅकेट घेतलं, तिसऱ्याच दिवशी एकटा कारंजाला गेलो आणि गादीवाल्याकडून त्या कापसाची बिनबाह्यांची जाड बंडी भरून घेतली. प्लास्टिकच्या कपड्यांवर जीव सोपवायचा का, हा विचारही मला करायचा नव्हता.

दिवाळीच्या आधी निघालो. शेलूबाजारहून बसनं नागपूर, नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, पुढे हरिद्वार, ऋषिकेश. सोबत तिखट आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, तिकडच्या डाळीला काही चव नसते. ऋषिकेशहून चढाच्या पायथ्याशी, चोपत्याला, जीपनं पूर्ण दिवस जातो. वळणं एवढी की मी सगळा रस्ता डोळे मिटून पाहिला. चोपत्याला पाणी हातात घेतलं तर बोटं माझी नाहीत असं वाटलं. आणि तिथं भेटलेली पर्यटक मंडळी! आपला डोंगर कोणता हे कोणाला माहीत नाही, पण एकमेकांच्या जॅकेटची कंपनी सगळ्यांना माहीत. पुण्याच्या एका गृहस्थानं माझ्या बाहीला चिमटीत धरून विचारलं, “काका, हे कुठलं?” मी सांगितलं, “कारंजाचं.” तो विचारात पडला. बहुतेक परदेशी कंपनी समजला असावा.

सकाळी चढायला सुरुवात केली. वाट फरसबंदी आहे, पण चढ सोडत नाही. मी अंगात थर्मल, त्यावर बंडी आणि त्यावर चेन गळ्यापर्यंत ओढलेलं जॅकेट घातलं होतं. थोडं चढल्यावर सगळ्यांनी जॅकेटच्या चेन उघडल्या. आमचा वाटाड्या बिष्टजी म्हणाला, “चलते समय खोलो, रुकते समय बंद करो.” मी उघडली नाही. उघडली असती तर बंडी दिसली असती. शांतानं चेन खाली ओढली की मी मागून ओरडायचो, “लाव ते. छातीले वारा लागन.”

“अवो, मले गरम होऊन राह्यलं!”

“होऊ दे. लाव.”

ती बिचारी लावायची.

देवळाशी पोचलो तेव्हा पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. दर्शन घेतलं, चहाच्या टपरीबाहेर बसलो, आणि तेवढ्यात वारा सुटला. आधी खांदे गार पडले. मग दात वाजायला लागले. चहाचा ग्लास तोंडापर्यंत जाईना. बिष्टजीनं मला टपरीत ओढलं, कॉलरमध्ये हात घातला आणि म्हणाला, “बाबूजी, अंदर तो भीगी रजाई है!”

जॅकेट काढलं. बंडी दिसली. पिळली तर पाणी निघालं.

“बाबा!” रेखा एवढंच म्हणाली. ती शाळेत पोरांवर अशीच ओरडत असणार.

आतला थर्मलही ओला झाला होता. मी जास्तीचा घेतलाच नव्हता, पिशवीत त्या जागी चटणीचा डबा होता. शांतानं आपल्या पिशवीतून तिचा कोरडा थर्मल काढला. जांभळा, गळ्याला फुलं.

“बायकायचे कपडे मी नाही घालत,” मी कापत कापत म्हणालो.

“मंग मरा इथंच. देव जवळच हाये.”

घातला. बाह्या कोपराच्या थोड्या खाली संपल्या, पोट उघडं राहिलं. वरून पिशवीतला बिनबाह्यांचा स्वेटर आणि टपरीवाल्याचं कांबळं. हळूहळू दात थांबले. दात थांबल्यावर पहिलं काम मी तेच केलं, ज्यासाठी आलो होतो. म्हणालो, “शांता, मले बरं नाही वाटून राह्यलं. चल, खाली जाऊ.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं वर टोकाकडे पाहिलं. बिष्टजी म्हणाला, बाबूजी आता ठीक आहेत, पण ढग येतोय, वर जायचं तर आत्ता, नाहीतर आज नाही. मला वाटलं, आता येते माझ्यासोबत. चाळीस वर्षांवर संसार झाला, माझ्याशिवाय ती अकोल्यालासुद्धा गेली नव्हती.

तिनं बुटाची नाडी घट्ट केली.

“रेखा, तू बाबाजवळ बस,” ती म्हणाली. आणि मला, “तुमी चहा घ्या. मी जाऊन येतो.”

“चेन लाव!” मी ओरडलो. तिनं लावली आणि बिष्टजीच्या मागे निघाली.

मी टपरीच्या दारात कांबळं पांघरून उभा राहिलो. एक गोष्ट कबूल करतो. दुकानात ज्या रंगाला मी नावं ठेवली, तो लाल रंग फार लांबून दिसतो. राखाडी दगडांत तो ठिपका वर सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. मग ढग आला आणि ठिपका गेला. मी रेखाला विचारलं, “दिसते काय?” ती म्हणाली, “नाही.” थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “बाबा, चहा प्या.” टपरीवाला माझ्या जांभळ्या बाहीकडे पाहत होता. पाहू दिलं.

ढगातून आधी लाल रंग बाहेर आला, मग शांता. गाल चुलीसमोर बसल्यासारखे. मी तिच्या कपाळाला हात लावला, छातीला कान लावायचाही विचार होता, पण लोक होते.

“काय हाये वर?” मी विचारलं.

“काहीच नाही,” ती म्हणाली. “चारी बाजूनं खालीच जाते सगळं. लय चांगलं हाये.”

घरी येऊन आता महिना होत आला. तिला साधा खोकलाही झाला नाही. मला झाला, तो अजून आहे. बंडी ओसरीत दोरीवर सुकली आणि सकाळी ओट्यावर बसताना मी तीच घालतो. शेलूबाजारात तिच्या तोडीचं काही नाही, हे माझं मत कायम आहे. डोंगरावर जाणाऱ्यांनी मात्र रेखाचं ऐकावं, तीन थर घ्यावेत, सुती घालू नये, आणि बायकोसाठी थर्मल घेताना एक नंबर मोठा घ्यावा. कोणाच्या अंगावर यायची वेळ येईल सांगता येत नाही. दुकानदार मात्र आजही मला चोरच वाटतो.

बिष्टजीनं वर काढलेला फोटो रेखानं मोठा करून दिला. मी त्यात नाही. शांता एकटी उभी आहे, दोन्ही हात सोडून, मागे नुसतं आभाळ. मी तो फोटो रोज पाहतो. वारा केवढा असेल ते पदर कसा उडालाय त्यावरून कळतं. आणि तेवढ्या वाऱ्यात, एवढं पाणी ओतून पारखून घेतलेल्या जॅकेटची चेन बाईनं पोटापर्यंत उघडून ठेवली आहे.