वेशीवरचा घोडा आणि दाजींचा नवस

आमचे दाजी पुण्याचे. अक्काशी लग्न झाल्यापासून नोकरी बंगळुरात, पण तोंडानं अजून पुण्यातच राहतात. इथला पाऊस पाहिला की पुण्याचा पाऊस, इथली मिसळ खाल्ली की पुण्याची मिसळ. सूर्यसुद्धा तिकडं स्वल्प जास्त गोल उगवतो म्हणे. त्यामुळं ऑफिसनं जेव्हा विचारलं, "पुण्याला बदली हवी का? सोमवारपर्यंत कळवा," तेव्हा घरात सुतक पडलं. अक्काची शाळेतली नोकरी, आमची आई, मी, सगळे इथं. पण अक्का मानी. "तुम्ही ठरवाल तसं," एवढंच म्हणाली आणि सांबारात मीठ घालायला विसरली. दाजींनी ते सांबार निमूट गिळलं, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

शनिवारी मी दोघांना गाडीत कोंबलं. सीमेवरच्या कारागिरांची गावं दाखवून आणू, मुलूख पाहून माणूस विरघळतो, असा माझा होरा.

के. आर. पुरमच्या गर्दीत शिरताना दाजींची दाढी गुळगुळीत होती. बाहेर पडलो तेव्हा बोटात धरण्याइतकी वाढली होती. "आमच्या पुण्यात..." त्यांनी सुरुवात केली. अक्का खिडकीबाहेर बघत राहिली.

होसकोटे मागं पडलं आणि रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडं रागीची शेतं, मधूनच एकावर एक रचलेले धोंडे. शिंकलं तर गडगडतील असे. सीमा इथं शेळीसारखी हिंडते. फोनवर घडीत तमिळनाडू स्वागत करतो, घडीत कर्नाटक. एका वळणावर तर दाजी पुढच्या सीटवर तमिळनाडूत होते आणि अक्का मागं कर्नाटकात.

पहिला मुक्काम घोंगडी विणणाऱ्याकडं. पावसात भिजते का, असं दाजींनी विचारलं. मागावरून मान न उचलता तो म्हणाला, "घोंगडी नाही भिजत साहेब, पाऊस वाळतो." दाजी हसले. मला धीर आला.

मग कुंभारवाडा. अंगणात मातीचे घोडे उभे, डोळे वटारलेले, दात विचकलेले. दाजी एका गुडघाभर घोड्यावर भाळले. माती अजून ओलीच होती, आणि त्याला एक कान नव्हता.

"हा आपल्या बाल्कनीत शोभेल," दाजी म्हणाले.

"कुठल्या बाल्कनीत?" अक्कानं विचारलं.

कुंभारीण म्हातारी एकाच वाक्यात तमिळ, तेलुगू आणि कन्नड बोलायची. दुभाषा मी. "हा घरात राहत नाही," ती म्हणाली. "वेशीवरच्या राखणदार देवाचा आहे. नवस बोलणाऱ्यानं नवस बोलत आपल्या हातानं दुसरा कान लावायचा. मग भट्टीत भाजून आम्ही याला वेशीवर उभा करतो."

दाजींनी मातीचा कान घेतला, घोड्याच्या डोक्यावर दाबला. आणि अट्टल मराठी माणूस करतो तेच केलं: नंदीच्या कानात सांगतात तसं हाताचा आडोसा करून पुटपुटू लागले.

म्हातारीनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. "गुपचूप नाही! हा गावाचा राखणदार. गावाला जे सांगता येत नाही ते देवाकडं मागायचं नाही. मोठ्यानं!"

"वेशीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणतेय," मी भाषांतरात पदरचं तिखटमीठ घातलं.

अंगणात शेजारपाजारच्या बायका जमल्या. दाजींनी अक्काकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. मग डोळे मिटून असे ओरडले की कौलांवरचे कावळे उडून थेट आंध्रात गेले.

"मला पुण्याला जायचं नाहीये!"

मी भाषांतर करायचंच विसरलो. म्हातारीला मात्र सगळं कळल्यासारखं दिसत होतं.

अक्का कंबरेवर हात ठेवून पुढं आली. "मग इतकी वर्षं उठता-बसता आमचं डोकं का खाल्लंत?"

"अगं, लांबून नावाजायला बरं असतं."

"आणि मी इथं रात्र-रात्र झोपत नाही!"

"तू कुठं काही बोललीस? मला वाटलं, तुलाच जायचं असेल. इतकं कौतुक ऐकून ऐकून."

"तुमचं कौतुक ऐकून कुणी गावाला जाईल? गाव सोडून जाईल!"

बायका हसत होत्या; भांडणाला भाषा लागत नाही. म्हातारीनं मला हलकेच बजावलं की बोललेला शब्द फिरवला तर घोडा घर शोधत येतो. हे मात्र मी अक्षरशः सांगितलं. दाजींनी मातीच्या हातांनीच फोन काढला. ऑफिसला लिहू लागले. अक्का खांद्यावरून वाचत होती.

"'सध्या पुण्याला जाणं शक्य नाही,'" तिनं मोठ्यानं वाचलं. "सध्या?"

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

"काढा ते."

दाजींनी 'सध्या' काढलं, आणि पाठवायचं बटण अक्कानंच दाबलं.