कातिब बसून लिहितो

कवितेवर इतका दात धरून बसलेला माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. शारजात, रोल्ला भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये तो बावीस वर्षं लोकांचे अरबी अर्ज लिहीत होता. त्याचं एकच म्हणणं. हजार वर्षांपूर्वीच्या अरबांत खरे साहित्यिक म्हणजे दरबारातले पत्रलेखक, कातिब. कवी म्हणजे थैलीवर डोळा ठेवून स्तुती करणारे भाट. "अरे, कवी अमिरापुढे उभा राहून वाचतो. कातिब शेजारी बसून लिहितो. मान कोणाला, तूच सांग!" हे तो मला सांगे, केरळच्या भाजीवाल्याला सांगे. एका बारशात पाळणा म्हणायला सरसावलेल्या बायकांना त्याने "गद्यात म्हणा की" असं सुचवलं होतं. जेवताना विषय निघाला की त्याची मुलगी कानांवर हात ठेवायची. "बाबा, प्लीज, नॉट अगेन!"

अर्ज मात्र देखणे लिहायचा. एका ड्रायव्हरच्या बायकोच्या व्हिसासाठी त्याने तीन पानं लिहिली आणि मूळ विनंती तिसऱ्या पानावर आली. खिडकीतल्या अधिकाऱ्याने ती पानं शेजाऱ्याला कौतुकाने वाचून दाखवली आणि मग फॉर्म कुठाय म्हणून विचारलं.

पुढे सगळीकडे छापील फॉर्मच आले. नाव, पासपोर्ट नंबर, खलास. सेंटरच्या मालकाने, म्हणजे अरबाबने, साडूचा व्हिसा वाढवायचा नाही असं ठरवलं. मुलीची बारावी अर्ध्यावर होती. साडूला फक्त सहा महिने हवे होते, आणि त्यासाठी तो अर्थातच अर्ज लिहायला बसला.

शहाणपणा मी केला. म्हणालो, "अर्ज कोण वाचतो रे? अरबाबला शायरीचा नाद आहे. त्याच्यावर एक कसीदा लिही, चांगलं लांबलचक स्तुतिकाव्य."

"हे मला करायला लावू नकोस," तो म्हणाला.

"पोरीसाठी कर."

चार रात्री तो लिहीत बसला. शुक्रवारी अरबाबच्या मजलिशीत, म्हणजे घरच्या बैठकीत, त्याने चाळीस ओळी वाचल्या. उभं राहून. मी दाराशी होतो, आणि मला त्याच्याकडे बघवेना. अरबाबच्या डोळ्यांत पाणी आलं. "हबीबी, इतना साल ये चीज छुपाया?" म्हणत त्याने साडूला मिठी मारली, खजुरांचा डबा दिला, कविता सोनेरी चौकटीत घालून ऑफिसात लावली. व्हिसा मात्र ठरल्या दिवशी रद्द केला. वर प्रेमाने समजावलं, "शायर आदमी टायपिंग में बैठेगा? ऐब है, हबीबी."

पोरीचं वर्ष गेलं. आता सगळी पुण्यात आहेत. त्या अरबाबला मी अजून शिव्या घालतो, पण कसीद्याची अक्कल माझी होती, हे मला माहीत आहे आणि साडूलाही. त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दर शुक्रवारी मी फोन करतो. मुद्दाम म्हणतो, "काही म्हण, कविता ती कविताच." आणि तो आता ओरडेल म्हणून रिसीव्हर कानापासून जरा लांब धरतो.

"असेल," तो म्हणतो, आणि माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करतो.