झाकणावरची वेळ

एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये एकच फ्रीज होता आणि त्यात पाण्याची बाटली ठेवायला बंदी होती. त्यात सोल्डर पेस्टच्या डब्या असत. त्या सांभाळायचं काम आमच्या शेजारच्या चंदाबाईकडे होतं. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली.

शेडमध्ये कोळसा खाणीतल्या टेलिफोनचे बोर्ड बनत. पेस्ट म्हणजे कथिलाचे पिठासारखे कण आणि चिकट मलम. भोकांच्या पत्र्यातून ती बोर्डावर सारवायची, वर चिमट्याने बारके भाग बसवायचे आणि बोर्ड भट्टीतून काढायचा. पेस्ट वितळते नि भाग पक्के बसतात. पण डबी थंड असतानाच उघडली तर आत दव धरतं, फार वेळ उघडी राहिली तर पेस्ट सुकते नि जोड कच्चा राहतो. म्हणून डबी कधी काढली, कधी उघडली, ती वेळ झाकणावर लिहायची. चार तासांत वापरायची. पत्र्यावर उरेल ती फेकायची.

"लेकरापेक्षा नाजूक हाय वो बाई," चंदाबाई म्हणायची. "लेकरू तरी रडून सांगते."

तिचा नवरा, हरिदासभाऊ, खाणीतच कामाला होते. एके दिवशी खाणीच्या छतातून कडकड ऐकू आली तेव्हा वर कळवायला ते फोनपाशी गेले. फोन मुका. तेवढ्यात छत आलं. कंबरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तेव्हापासून घर चंदाबाईच्या रोजीवर चालत होतं, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिला कायम करण्याचा कागद निघणार होता.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, अकराच्या सुमाराला लाइन गेली. अख्ख्या मुलखाला वीज पुरवणारं गाव आमचं, पण लाइन जायची ती जायचीच. कूलर बंद, भट्टी बंद, वर पत्र्याचं छत. लाइन आली तेव्हा पत्र्यावरच्या पेस्टचे चार तास होऊन गेले होते. उरलेली पेस्ट चांगली अर्ध्या डबीएवढी होती.

ती फेकायला चंदाबाईचा हात उचलला नाही. आमच्यापैकी कुणाचाच उचलला नसता. कालचं दही आजच्या दुधाला लावायचं, शिळी भाकर कुस्करून फोडणीला टाकायची, यातच आमचे हात तयार झालेले. तिने पेस्ट खरवडली, नव्या डबीत टाकली आणि ढवळून एकजीव केली. झाकणावर वेळ पडली ती नव्या डबीची. त्या डबीतून बत्तीस बोर्ड झाले. तपासणीत फोनला जोडून पाहिले, सगळे वाजले. खोक्यांत भरायला घेतले.

बुधवारी सकाळी डबीच्या तळाशी तिला रवाळ कण दिसले. कालचा एक बोर्ड तपासणीच्या टेबलावर मागे राहिला होता. तो तिने भिंगाखाली धरला. जोडांच्या कडेला तसेच कण, आणि कथिलाची झाळ मळकट. सुकलेल्या पेस्टने जोड कच्चे राहिले, हे तिच्या ध्यानात आलं.

दुपारी सुट्टीत ती माझ्याकडे आली. पाणी दिलं, तर तांब्या हातातच धरून बसली. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "पण बोर्ड वाजले ना?"

"वाजले. इथी टेबलावर वाजले. तिथी खाली ओल, सुरुंगाचे हादरे. किती दिवस वाजतीन?"

"खोके कवा जातेत?"

"उद्या."

मी रोज विहारात पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही असं तोंडाने म्हणते. तरी त्या दिवशी मी तिला म्हटलं, "तुह्या घरी कमावणारी तूच एक. शनिवारी कागद हाय. कोणाले दिसते ते? चूप राह्य."

"मले दिसते ना," ती म्हणाली.

तिने तांब्या तसाच भरलेला खाली ठेवला. उठताना म्हणाली, "ह्यायनं चार खेपा फोनचं हँडल फिरवलं होतं, बाई. चार खेपा."

गुणवंतराव तिथले सुपरवायझर. दुसऱ्या दिवशी गाडी लागण्याच्या आधी तिने त्यांना गाठलं. ते ओरडले ते आवाराच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं. "हे का घरचं दही हाय काय? विरजण लावून राह्यल्या तुम्ही! शिकवलं होतं का नाई?"

"शिकवलं होतं. चूक माही हाय. खोके उघडा, साहेब."

खोके उघडले. गुणवंतराव एकेक बोर्ड भिंगाखाली घेत गेले आणि चिमट्याच्या टोकाने भाग हलवत गेले. नवव्या बोर्डावरचा एक भाग सुटून टेबलावर पडला. तेव्हापासून त्यांचं ओरडणं बंद झालं. बत्तीसपैकी पाच बोर्ड असे निघाले. गाडी रिकामी परत गेली.

शनिवारच्या कागदावर चंदाबाईचं नाव नव्हतं. पेस्टचं टेबल शेडमधल्याच कमलाला मिळालं आणि चंदाबाई पत्रे धुवायच्या टाकीवर गेली, रोजीवरच. घरी हरिदासभाऊंनी एवढंच विचारलं, "किती होते?"

"बत्तीस."

"बरं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. 

पुढचा आठवडाभर कमलाला काम शिकवायचं तेही तिच्याच वाट्याला आलं. कमला स्वतःच मला सांगत होती. पहिल्याच दिवशी चार तास झाले, पत्र्यावर बरीच पेस्ट उरली. कमलाने ती खरवडून घेतली आणि थबकली. चांगली मऊ दिसत होती. हात आपोआप डबीकडे गेला. टाकीवरून ओल्या हातांनी चंदाबाई आली. तिने कमलाचं मनगट धरलं आणि कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यावर नेलं.

"फेक," ती म्हणाली. "मी आहो ना उभी."