आजीचा फोटो आणि टोपीवाला साहेब

आमच्या कोरीटच्या घरात एकाच काचेखाली सगळं जग नांदायचं. आजोबांनी घरचे फोटो आणि मासिकांतली चित्रं शेजारीशेजारी चिकटवून एक मोठी तसबीर केली होती. फेटेवाले ते स्वतः, वरच्या ओळीत सिनेमातल्या नट्या, खाली हात मिळवणारे दोन परदेशी पुढारी, आणि कोपऱ्यात गावाचा कापूस बघायला आलेला टोपीवाला गोरा साहेब. घरातल्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं, तसा हा साहेब माझ्या तोंडी वाढत वाढत अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

यंदा अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, फुई, म्हणजे माझी पंचाहत्तरीची आत्या, माहेरी येणार होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, ती लहान असतानाच गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर फुई फोनवर मला म्हणाली, "भाऊ, आते मन्ही मायनं तोंड एकदाव साफ देखनं शे."

आजी तसबिरीत आहे, एवढंच सगळे ऐकून होतो. मी काच उघडली. आजोबांच्या खांद्याला लागून एक बाई होती. नट्या वरच्या ओळीत, म्हणजे ही आजीच! काय ते धारदार नाक! माझं नाक भरताच्या वांग्यासारखं. घराण्यात कुणीतरी देखणं होतं म्हणून मला भरूनच आलं. नंदुरबारला जाऊन फोटो मोठा केला, रंगवला, सोनेरी चौकटीत घातला.

आखाजीला पितरांची घागर भरली, पुढे पुरणपोळीचं पान मांडलं, मागे फोटो ठेवला, हार घातला. फुईने नव्या डोळ्यांनी पाहिलं.

"येडा, हाई तं सिनेमानी बाई शे!"

बायको म्हणाली, "तरी मी म्हणत होते, आजींच्या भुवया कोणी कोरल्या?"

फुई हसता हसता म्हणाली, "मन्हा बाप बी काय कमी नव्हता." मग तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मंग मन्ही माय कोठे शे रे?"

 मी जुनी तसबीर तिच्या मांडीवर ठेवली. तिचं बोट आजोबांवरून, पुढाऱ्यांवरून सरकत टोपीवाल्या साहेबावर आलं आणि थांबलं. साहेबाच्या मागे कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या होत्या. इतकी वर्षं साहेबाची गोष्ट सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यातली एक पदर दातात धरून हसत होती.

"हाई! हसतांना अशीच पदर धरे." फुईने काचेवरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि माझं नाक चिमटीत धरलं. "देख, तुन्हंच नाक!"

खरंच, तेच वांगं.

मी नटीचा हार काढून तसबिरीला घातला. तो आजीबरोबर साहेबाच्याही गळ्यात पडला. "साहेबाला झाकू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," फुई म्हणाली. "एवढा लांबतून उना शे, खाई तो बी पुरणपोयी."