आवाज मीच वाढवला

५ फेब्रुवारी १९६७, रविवार. भाडे पंचेचाळीस रुपये, त्यांपैकी वीस आगाऊ. वेळ संध्याकाळी पाच ते आठ. आवाज वाढवायचे मशीन एक, माइक दोन, कर्णे चार, बॅटऱ्या दोन. पैसे दिले तेव्हा हजर: मी, माझी बायको आणि उमेदवाराचा एजंट. मी पावती लिहिली, पण एजंटाने सही केली नाही. "स्वामी, आपल्यात सही कसली?" असे म्हणून त्याने माझ्यासाठी ठेवलेली कॉफी पिऊन टाकली.

मी मराठी, पण राहतो कानडी मुलुखात; माझा धंदा तिथल्या सभा-समारंभांना माइक भाड्याने देण्याचा. त्यात माझा एक नियम होता. मी कोणत्याही पक्षाला मशीन देत असे. सकाळी एकाला, संध्याकाळी त्याला शिव्या देणाऱ्याला. माइकमध्ये काय बोलायचे ती जबाबदारी बोलणाऱ्याची. ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेले पाहिजे, एवढी माझी. बारा वर्षांत या नियमामुळे माझे कोणाशी वाकडे आले नव्हते.

त्या दिवशी तीन कर्णे मैदानात बांधले. चौथा माझ्या घराच्या गच्चीवर, कठड्याला, मागच्या वठाराकडे तोंड करून बांधा, असे एजंटाने मुद्दाम सांगितले. वठार म्हणजे एका अंगणाभोवती सात खोल्या आणि मध्ये एक नळ. सात घरांची मते हवी असतील, असे मी समजलो. कर्ण्यापासून समोरच्या दारापर्यंत अंतर बावीस फूट. ते दार कोणाचे हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी दोर आवळला, "ओंदु, एरडु, मूरु" असे कन्नडमध्ये एक-दोन-तीन म्हणून आवाज तपासला आणि खाली उतरलो.

त्या दाराआड एक विधवा बाई आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होती. वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. पण सगळे वठार तिला अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. ती कापडाच्या मिलमध्ये सूत गुंडाळण्याच्या खात्यात होती. आदल्या ऑगस्टमध्ये, पहिली शिफ्ट सुटल्यावर, पगाराच्या चिठ्ठीत चूक आहे असे सांगून तिच्या खात्याच्या मेस्त्रीने, म्हणजे मुकादमाने, तिला गोदामात नेले आणि तिच्यावर बलात्कार केला. ती घरी आली तेव्हा ओठ फाटला होता, दोन दात हलत होते, उजवा हात खांद्यातून वर होत नव्हता. माझ्या बायकोने तिचे तोंड धुतले आणि तिला पोलीस ठाण्यात नेले. त्या दिवशी तक्रार लिहून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो, तेव्हा घेतली आणि तिला तपासणीला सरकारी इस्पितळात पाठवले; खांदा निखळल्याचा कागद तिथे झाला.

ऑक्टोबरात तिला दिवस गेल्याचे कळले. नोव्हेंबरात तिने एका सुईणीकडून गर्भ काढून घेतला. तिसऱ्या दिवशी अंथरूण रक्ताने भिजले, अंगात ताप इतका की हात लावला तर भाजावे. आम्ही तिला सरकारी इस्पितळात नेले. तिथे ती अकरा दिवस होती. गर्भ पाडणे गुन्हा होता, म्हणून डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले. अशा रीतीने एका बाईच्या दोन फायली झाल्या. एकीत ती फिर्यादी, दुसरीत आरोपी.

म्हातारीला यातले काही सांगितले नव्हते. तिला जवळजवळ ऐकू येत नसे. बोलायचे तर कानाला तोंड लावून बोलावे लागे. ओठ फाटला तो जिन्यावरून पडून, आणि इस्पितळ विषमज्वरामुळे, असे तिला सांगून ठेवले होते.

मेस्त्री जामिनावर सुटला होता. मिलमधली मते उमेदवाराकडे वळवण्याचे काम त्याच्याकडे होते, हे पेठेत सर्वांना माहीत होते. सभेनंतरच्या बुधवारी, आठ तारखेला, सेशन कोर्टात अक्काची साक्ष होती. दुसरा साक्षीदार नव्हता. तिने उभे राहून सांगितले तर मेस्त्री आत जाण्याची शक्यता. ती कोर्टात आलीच नाही तर खटला तिथेच संपणार.

उमेदवार पावणेसातला उभा राहिला. नळ, तांदूळ, रेशनच्या रांगा असे नेहमीचे झाले. भाषण कन्नडमध्ये होते. मी इथे मराठीत देतो, पदरचे काही घालत नाही.

"दिल्लीत काही शहाणे बसलेत," तो म्हणाला. "म्हणे बायकांना गर्भ पाडायला मोकळीक द्या. का? तर म्हणे एखादीवर जबरदस्ती झाली तर तिनं काय करायचं! मी सांगतो काय करायचं. आधी दाराला कडी घालायची!"

लोक हसले. एजंटाने मला बोटाने खूण केली, वाढव. मी आवाजाची खुंटी सहावरून आठवर नेली.

"आया-बहिणी बसल्यात, त्यांची क्षमा मागून एक विचारतो. बाईच्या मनात नसेल तर तिला दिवस जातात का? नाही जात! शरीर घेतच नाही. ज्या अर्थी राहिले, त्या अर्थी ती राजी होती. हे माझ्या आजीलाही माहीत होतं, दिल्लीतल्या डॉक्टरांना माहीत नाही!"

पुन्हा हशा, टाळ्या. पुन्हा खूण. मी आठवरून दहावर नेली. दहाच्या पुढे खुंटी फिरत नाही.

"आणि लांब कशाला," असे म्हणून त्याने हात सरळ माझ्या घराकडे केला. "त्या गच्चीच्या मागे अशीच एक आहे. आधी राजी झाली. मग पोटातलं मारलं. आता एका कष्टाळू बापड्याला तुरुंगात घालायला निघालीय. खुनी कोण? तुम्ही सांगा, खुनी कोण?"

"तीच! तीच!" पुढच्या रांगेतून आले. त्या रांगेत मेस्त्री बसला होता.

चौथा कर्णा कशासाठी होता ते मला तेव्हा कळले. मी बॅटरीच्या दोन्ही वायरी उपटल्या.

उमेदवाराचे तोंड हलत राहिले. आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नव्हता. एजंट धावत आला.

"ए माइकवाल्या, काय बिघडलं?"

"बिघडलं काही नाही. मी बंद केलंय."

"चालू कर."

"नाही करणार."

"आठपर्यंतचे पैसे घेतलेस ना?"

"आगाऊ तेवढे घेतलेत. सात वाजून दहा मिनिटं झालीत. पन्नास मिनिटांचे कापून घ्या."

तो मागे वळून ओरडला, "बघा रे बघा, हा मराठा हिशेब सांगतोय!" त्याच्या मागचे हसले. हसतच एकाने मंडपाचा बांबू उपसला आणि माझ्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला. खाली पडलो तेव्हा लाथा बसू लागल्या. बरगड्यांत, पाठीत, तोंडावर. कोणीतरी मशीन दोन्ही हातांनी उचलले आणि माझ्या गुडघ्यावर आपटले. बॅटरी कलंडून तिचे ॲसिड कोपरापासून खाली सांडले; तो डाग अजून आहे. मारणारे किती होते हे मला सांगता येत नाही. मोजण्याच्या स्थितीत नव्हतो. मग मेस्त्रीचा आवाज आला, "गच्चीच्या मागे चला!" आणि माझ्या अंगावरून पाय पळत गेले.

पुढचे मी पाहिले नाही. बायकोने सांगितले ते लिहितो.

म्हातारी दारात तांदूळ निवडत बसली होती. आवाज दहावर गेला तेव्हा तिने मान वर केली. मैदानातून बोललेले शब्द बावीस फुटांवरून थेट तिच्या तोंडावर येत होते. तिने सगळे ऐकले. आवाज बंद झाल्यावर ती उठली, आत गेली आणि मुलीच्या थोबाडीत मारली, एकदा, दोनदा. "मला विषमज्वर म्हणालीस! आईला विषमज्वर म्हणालीस!" म्हातारीने तिसऱ्यांदा हात उचलला आणि त्याच हाताने तिला छातीशी ओढले.

तेवढ्यात दगड आले. आधी कौलांवर, मग खिडकीतून. एक दगड अक्काच्या कानाच्या वर लागला. शेजाऱ्यांनी भराभर आपापली दारे लावली. अक्काचे दार दोन लाथांत फळीतून फुटले. दोघे आत शिरले. एकाने तिचे केस मुठीत धरून तिला अंगणात नळापर्यंत फरफटत आणले. "आता सांग, राजी होतीस की नाही? सगळ्यांपुढे सांग!" म्हातारी मागून आली आणि त्याच्या हाताला चावली, त्याने तिला लाथेने भिंतीवर टाकले.

माझी बायको गच्चीवर उभी होती. तिने स्वयंपाकघरातला वरवंटा आणून खाली फेकला. तो त्या माणसाच्या खांद्यावर बसला. त्याचा हात लोंबू लागला आणि केस सुटले. मग तिने कोयत्याने दोर कापला आणि कर्णा गर्दीवर ढकलला. कोणाचे तरी डोके फुटले. त्या गोंधळात ती मागच्या जिन्याने उतरली, दोघींना वर घेऊन आली आणि दाराला पाटा लावून बसली. पोलीस साडेआठला आले. तोपर्यंत वठारातल्या अक्काच्या खोलीत एक भांडे उभे राहिले नव्हते.

मला दोघांनी उचलून घरी आणले. अक्का भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला माझ्या बायकोच्या साडीची पट्टी. पट्टीतून रक्त झिरपत होते.

"अण्णा," ती म्हणाली, "मशीनजवळ तुम्हीच होता ना?"

"हो."

"मध्ये दोनदा आवाज मोठा झाला. वायर सैल झाली होती का?"

तिने मला सुटायला जागा दिली होती. माझ्या बायकोनेही माझ्याकडे पाहिले.

"नाही," मी म्हणालो. "मीच वाढवला."

"का?"

"खूण केली म्हणून."

"आणि बंद?"

"तोही मीच केला."

"स्वल्प उशीर केलात," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला सोपे गेले असते.

म्हातारीला काही ऐकू येत नव्हते. "काय म्हणतोय गं तो?" तिने ओरडून विचारले. अक्काने तिच्या कानाला तोंड लावून सांगितले, "काही नाही, आई. हात मोडलाय म्हणतो."

दुसऱ्या दिवशी बायको तिला म्हणाली, "तुझी मावशी येलहंक्याला आहे. आठ दिवस तिकडे जाऊन राहा. बुधवारचं पुढं बघू."

"बुधवार झाला की जाते," अक्का म्हणाली.

बुधवारी आम्ही दोन जटक्यांतून, टांग्यासारख्या घोडागाड्यांतून, कोर्टात गेलो. मेस्त्रीची माणसे फाटकाशी उभी होती. एक जण तिच्या पायापुढे थुंकला. ती थुंकी ओलांडून आत गेली.

मेस्त्रीच्या वकिलाने तोच प्रश्न विचारला. शब्दही जवळपास तेच. "तुमची इच्छा नव्हती, तर दिवस कसे राहिले?"

"ते डॉक्टरांना विचारा," ती म्हणाली. "मला विचारायचं असेल तर विचारा, दात कसे हलले. खांदा कसा निखळला ते विचारा."

"गर्भ तुम्ही काढलात?"

न्यायाधीशांनी तिला थांबवले. दुसरा खटला चालू आहे, उत्तर दिले नाही तरी चालेल, असे तिला समजावून सांगितले.

"सरी, कळलं," ती म्हणाली. "पण काढला."

"का?"

"ह्याचा होता म्हणून." तिने बोट दाखवले. मेस्त्रीने मान वर केली नाही.

त्याच महिन्यात उमेदवार आमदार म्हणून निवडून आला. विजयाच्या मिरवणुकीला माइक दुसऱ्याचा होता. जूनमध्ये मेस्त्रीला पाच वर्षांची शिक्षा झाली. इस्पितळातला खांद्याचा कागद आणि तिची साक्ष, दोन्ही कोर्टाने खरे मानले.

ऑगस्टमध्ये तिचा स्वतःचा खटला मॅजिस्ट्रेटपुढे आला. तिच्या वकिलाने आदल्या दिवशी माझ्या घरी बसून तिला सांगितले, "सुईण पळून गेलीय. दुसरा पुरावा कच्चा आहे. नळावर पाय घसरला, पडले आणि गर्भ गेला, एवढं म्हणा. सुटाल."

"सेशन कोर्टात मी काढला म्हणाले."

"ते भीतीनं बोललात असं मी सांगेन."

"म्हणजे तिथं मी भीतीनं काहीबाही बोलत होते," ती म्हणाली. "मग गोदामाचंही भीतीनंच बोलले असेन. त्याचं अपील आहे ना वर?"

वकिलाने चष्मा काढून पुसला. अपील होते.

"मी खरं बोलते म्हणून तो आत आहे. उद्या एक खोटं बोलले की तो आमदार पुन्हा मंडप घालील. नाही बोलणार."

मी म्हणालो, "अक्का, शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. मी विचारून आलोय."

"मीही विचारलंय अण्णा."

मॅजिस्ट्रेटने विचारले, गुन्हा कबूल आहे का. तिने हो म्हटले. त्याने बराच वेळ कागद चाळले. सेशन कोर्टाचा निकाल त्याच्यासमोर होता. बलात्कार झाला हे सिद्ध, गर्भ त्यातूनच राहिला हेही सिद्ध. तरी कायदा जो आहे तो आहे, असे तो म्हणाला. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि शंभर रुपये दंड.

ती पाच वाजेपर्यंत पोलिसाशेजारी बाकावर बसली. तिच्या दुसऱ्या बाजूला म्हातारी बसली होती, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन. मी शंभराची नोट काढून पुढे केली. अक्काने नको म्हणून मान हलवली. दंड तिनेच भरला. मिलने तिला कामावरून काढताना दिलेल्या रकमेतून, दहाच्या दहा नोटा, कोर्टाच्या कारकुनाला. त्याने त्या थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि पावती फाडून दिली.