वल्हांडणाचं दार

स्टुटगार्टच्या कारखान्यात माझ्या शेजारी काम करणारा इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, मूळचा अलिबागचा, मराठीच बोलायचा. वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या सुटकेच्या सणाला त्याने मला घरी नेलं. स्टुटगार्टमधली सगळी इस्रायली घरं तिथं जमलेली. प्रार्थनेत एकदा बाहेरचं दार उघडतात, देवाचा माणूस येतो म्हणून. पण त्याची सासू जर्मन ज्यू, हिटलरच्या काळात याच देशातून जीव घेऊन पळालेली; दार उघडं टाकायची तिला भीती. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली.

"दरवर्षी असंच," तो म्हणाला.

मी हट्टी माणूस, उठलोच. "सासूबाईंना सांग, उंबऱ्यात मी उभा राहतो. बघू कोण आत येतं!"

"अरे, आणि देवाचा माणूस आला तर?"

"त्याला वाट देईन."

म्हातारी बाजूला झाली. जिन्यात पावलं वाजली की माझंही काळीज हलायचं. पण हललो नाही. प्रार्थना संपेपर्यंत तिने माझ्या कोटाची बाही सोडली नाही.