इंग्गिह म्हणजे हो नव्हे

…अगं ती वेनिंग नव्हे, ती नर्सबाई झाली. ही तुकिना काढेवालीची वेनिंग. जिच्या कॉम्प्युटरची बटणं हळदीनं पिवळी झालीत ती. तू लिहीत राहा, आजीच्या तोंडून जसं येईल तसं.

तर ही वेनिंग चौतिशीची. लग्न झालेलं नाही, आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. काम म्हणशील तर जकार्तातल्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहायचं. दवाखान्यात गेलं की भिंतीवर लाल आकडा येतो ना, बेचाळीस नंबरनं आत जावं म्हणून, तो आकडा तिचा. डबा दुसऱ्या कुणी बनवला असेल, पण कुणाच्या मागून कोण, म्हातारं माणूस आधी की तापानं फणफणलेलं पोर आधी, ही अक्कल त्यात वेनिंगनं घातलेली. आणि घातली कुठं बसून? तर आईच्या मागच्या पडवीत, चटईवर मांडी घालून, शेजारी काढ्याच्या बाटल्या उपड्या वाळत टाकलेल्या.

आधी तीन वर्षं ती जकार्तातच होती, चौदाव्या मजल्यावर. बाहेर अंग भाजून निघतंय आणि आत गारठ्यानं सगळे स्वेटर घालून बसलेत. एका लांबलचक टेबलाला वीस माणसं. कुणी फोनवर भांडतोय, कुणी कुणाच्या वाढदिवसाचा केक कापतोय, आणि मधोमध ही डोकं धरून. तिचं काम असं असतं बघ, की मनात शंभर दोरे एकदम ताणून धरायचे. त्यात कुणी "ताई, एकच मिनिट" म्हणून खांद्याला बोट लावलं की शंभरच्या शंभर सुटले. दिवसभर नुसती हजेरी लावायची आणि खरं काम खोलीवर जाऊन करायचं. मग ती साथ आली, सगळ्यांना घरी धाडलं, आणि वेनिंग एक पिशवी घेऊन आईकडं आली ती आलीच. साथ संपली, ही काही परत गेली नाही. कंपनीनंही तेव्हा विचारलं नाही.

इथं तिची रीत वेगळी. कोडं अडलं की उठायचं, आईसमोर बसून हळद सोलायची. दोघी बोलत नाहीत. दहाबारा कांड्या सोलून होईस्तोवर कोडं सुटलेलं असतं, की लगेच पिवळ्या बोटांनी परत बटणांवर. बटणांवरची अक्षरं आता दिसतसुद्धा नाहीत. तिला बघावी लागत नाहीत म्हणून चालतंय.

आपल्या बायका काय गप्प बसतात होय? पोरगी दिवसभर घरात, ना शेतावर ना बाजारात, आणि छपरावर मात्र नवी कौलं चढली. मग म्हणे हिनं तुयुल पाळलाय. तेच ते टकलं भूत-पोर, लोकांच्या घरातल्या नोटा उचलून आणणारं. एकीनं तर तुकिनाला तोंडावर विचारलं. तुकिना म्हणाली, "पाळलाय ना. पण फार आळशी निघाला बाई, एक भांडं घासत नाही."

असं चार वर्षं बरं चाललं होतं. मग कंपनीत नवे साहेब आले, पाक मंगासी. मेदानकडचे, बाताक माणूस. बाताक लोकांचं कसं, पोटात तेच ओठात, आणि ओठातलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. मनानं वाईट नाही. पण एका सोमवारी त्यांनी सगळ्यांना पडद्यावर गोळा केलं आणि सांगितलं की पुढच्या एक तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, आठवड्याचे पाचही दिवस. मग एकेकाचं नाव घेऊन विचारलं. वेनिंगचं नाव आलं तेव्हा ती साहेबांना मानानं म्हणाली, "इंग्गिह, पाक."

आता आपल्या जावातल्या बोलीत इंग्गिह म्हणजे काय हे तुला कळतं, मला कळतं. इंग्गिह म्हणजे ऐकलं, तुमचा मान राखला, पुढचं पुढं बघू. सासरा म्हणतो शेत नांगरायला ये, जावई म्हणतो इंग्गिह, आणि वर्षभर फिरकत नाही. कुणाला राग येत नाही. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या पानात माती टाकणं. पण मंगासी साहेब पडले बाताक. त्यांनी इंग्गिह ऐकलं आणि हो लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. तुम्ही मान्य केलंत, आभारी आहोत. सोबत चौदाव्या मजल्याचा नकाशा, त्यातल्या एका चौकोनात वेनिंगचा फोटो चिकटवलेला, खिडकीपासून लांब, पिण्याच्या पाण्याच्या मशीनशेजारी. आणि खाली, तुम्हाला गटाची प्रमुख करत आहोत. म्हणजे एका हातानं चटका आणि दुसऱ्या हातानं साखर.

वेनिंगला साहेबांचा नाही, स्वतःच्या जिभेचा राग आला. तिनं ऑफिसातल्या हेस्तीबाईंना फोन लावला. माणसांच्या रजा, बदल्या, सगळं त्या बघतात. सोलोच्या, म्हणजे आपल्यातल्याच. त्यांना इंग्गिहची गोष्ट अर्ध्यातच कळली आणि त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या की आता साहेबांना नाही कशाला म्हणायचं, एक फॉर्म आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर घरून काम करायची सूट मिळते. आईचं नाव घाल, मी पुढं सरकवते. सगळे हेच करतायत. एकानं वडिलांना अर्धांगवायू झाल्याचं लिहिलंय, आणि तो बाप रोज समुद्रावर मासे धरतोय.

वेनिंगनं फॉर्म उघडला. नाव, तुकिना. वय, एकसष्ट. आजार, आणि इथं बोट थांबलं.

तिनं पडवीतूनच विचारलं, "आई, तुझा गुडघाबिडघा दुखतो का गं?"

"का?"

आईच्या त्या एका 'का'पुढं कुणाचा टिकाव लागलाय? सगळं बाहेर आलं. तुकिना उजाडायला बारा बाटल्यांची टोपली शालीनं पाठीला बांधते आणि पाच गावं पायी करते. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझा काढा पिऊन बाळंतिणी उठून बसतात," ती म्हणाली, "आणि तू मला कागदावर आडवी करतेस? आजारी बाईच्या हातचा काढा कोण पिईल?"

वेनिंग म्हणाली, जकार्तातला कागद इथं कुणाला कळणार.

"मला कळला ना आत्ता." मग तुकिनानं सोलायची हळद खाली ठेवली. "खरं सांग. तू इथं माझ्यासाठी राहतेस?"

"नाही. इथं माझं डोकं चालतं म्हणून."

"मग तेच सांग त्यांना. माझ्या गुडघ्यामागं लपू नकोस."

वेनिंगनं फॉर्म पुसला. पण हेस्तीबाईंचा उत्साह मोठा. फॉर्म यायच्या आधीच त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं की वेनिंगची आई अंथरुणाला खिळलीय. साहेब त्याच आठवड्यात आपल्या जवळच्या जोगजाला आले होते, नव्या दवाखान्यात आकड्यांचं मशीन बसवायला. आजारी माणसाला भेटायला जायचं नाही असं कसं चालेल? शनिवारी सकाळी दहाला गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि मंगासी साहेब हातात फळांची टोपली घेऊन चालत आले. संत्री, सफरचंदं, वर चकचकीत कागद आणि लाल फीत.

तुकिना अजून फेरीवर. वेनिंगनं त्यांना बसवलं. टोपली मांडीवर घेऊन साहेबांनी बाताक माणसाला जमेल तितका आवाज खाली आणला आणि आईबद्दल विचारलं, "इबू झोपल्या आहेत का?"

बघ हं, किती सोपं होतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. एक इंग्गिह म्हटलं असतं तर साहेब फळं ठेवून पाय न वाजवता निघून गेले असते, आणि वेनिंगची पडवी वेनिंगला कायमची. तो शब्द तिच्या ओठापर्यंत आलाही होता.

"म्बोतन, पाक," ती म्हणाली. "नाही. माझी आई आजारी नाही. कधीच नव्हती. तो फॉर्म मी भरायला घेतला होता, मग पुसला."

साहेब काही बोलणार तेवढ्यात तुकिना दारातून आत आली. टोपली उतरवली, घाम पुसला, फळांकडं बघितलं.

"कोण आजारी आहे?"

साहेब गडबडून उभे राहिले. "तुम्हीच, इबू."

तुकिनानं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की ते परत बसले. मग ते वेनिंगकडं वळले, आणि आता आवाज जसा होता तसा झाला. कुंपणापलीकडं आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"पडद्यावर तू हो म्हणालीस."

"मी इंग्गिह म्हणाले."

"तेच ते."

"तेच ते नाही. इंग्गिह म्हणजे ऐकलं. तुम्हाला ते हो वाटलं, यात चूक माझी. मी तेव्हाच स्पष्ट बोलायला हवं होतं. आता बोलते. मी जकार्ताला येणार नाही."

साहेबांचंही काही खोटं नव्हतं. ते म्हणाले की नव्यानं लागलेली तिघं आपापल्या खोलीत एकटी बसतात, अडली तरी दोनदोन दिवस लाजेनं विचारत नाहीत. शेजारी तुझ्यासारखी कुणी असेल तर मान वळवून विचारतील. हे वेनिंगला पटलं, आणि तिनं पटल्याचं सांगितलंही. रोज सकाळी आठ ते दहा पडद्यावर बसेन म्हणाली, कुणीही यावं, कितीदाही विचारावं. पण दहानंतर माझं डोकं माझं.

मग गटप्रमुख होता येणार नाही, साहेब म्हणाले, प्रमुख जकार्तातच बसतो.

"मग दुसऱ्या कुणाला करा."

"विचार कर. परत विचारणार नाही मी."

"विचार केलाय. नोकरी काढून घेतलीत तरी येणार नाही."

"अगं पण कारण तरी दे. नवरा, मूल, म्हातारी…" एवढं बोलून त्यांनी तुकिनाकडं बघितलं आणि तो शब्द गिळला.

"कारण हेच की मला इथं बरं वाटतं आणि माझं काम इथं चांगलं होतं," वेनिंग म्हणाली. "दुसरं कारण नाही, आणि मी शोधणारही नाही. चार वर्षांत एखाद्या दवाखान्यातला आकडा माझ्यामुळं अडला असेल तर दाखवा."

अडला नव्हता, हे साहेबांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "हा नकार तुम्हा जावाच्या लोकांचा, की आमच्यासारखा?"

"तुमच्यासारखा, पाक."

तेवढ्यात तुकिनानं त्यांच्या हातात पेला दिला, तो हिरवा, चिरायत्याचा. पाहुण्याला पहिल्याच भेटीत कुणी तो देत नाही. साहेबांनी एका दमात घशाखाली घातला आणि डोळ्यांतून पाणी आलं. इबू, फार कडू आहे हो, म्हणाले.

"गोड हवा होता तर आधी सांगायचं," तुकिना म्हणाली.

सोमवारी साहेबांनी पुन्हा सगळ्यांना पडद्यावर बोलावलं. म्हणाले, इंग्गिह कुणी म्हणायचं नाही, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. एकोणीस माणसं. आधी वेनिंग म्हणाली, नाही. मग मासे धरणाऱ्या बापाचा मुलगा म्हणाला, माझेही वडील ठणठणीत आहेत, आणि नाही. असे सहा जण निघाले. कंपनीनं त्या सहांना लेखी कळवलं की घरूनच काम करा, पण दोन वर्षं बढती मागू नका. प्रमुख झाला तो वेनिंगच्याच हाताखाली शिकलेला एक जण. तिला लागलं नाही असं नाही. दोन दिवस हळद सोलताना तिची सुरी जरा जोरातच चालत होती. पण तिसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला ती नव्या तिघांसमोर बसली, आणि दहाच्या ठोक्याला पडदा बंद.

बायका आता म्हणतात, तुयुलला मोठा साहेब भेटायला आला होता, फळं घेऊन.

लिहिलंस सगळं? मग हे तुझ्या सुराबायाच्या मावसभावाला पाठव. त्याच्या ऑफिसातही तसलंच पत्र आलंय आणि तो इंग्गिह म्हणून बसलाय, मला कळलंय. त्याला म्हणावं, काय बोलायचं ते सरळ बोल. आणि फॉर्मात आजीचं नाव घालू नकोस, आजी धडधाकट आहे.